एक माळा, एक ट्रंक आणि पहिली गोधडी : वेंगुर्ल्याकडच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, तेव्हा माझ्या काकीच्या घराची मागच्या बाजूची कौलं उडाली आणि पाऊस थेट माळ्यावर पडला. घर वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीत, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, मग वळई म्हणजे माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि वळईवर लाकडी फळ्यांचा माळा. काका २०१७मध्ये गेले, मुलं मुंबईला. काकी एकटीच राहते. वादळ झालं तेव्हा तिचं वय सदुसष्ट. मी कुडाळला नोकरी करते आणि जवळजवळ दर शनिवारी तिच्याकडे जाते.

माळ्यावर काय काय आहे, हे तोवर कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. वादळानंतरच्या आठवड्यात आम्ही एकेक बोचकं खाली घेतलं. ओल्या साड्या, लुगडी, धोतरं, झंपरचे तुकडे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोऱ्या बांधून पाच दिवस वाळवलं. मोठी वस्त्रं मोजली तर चौऱ्याण्णव भरली. वाळलेलं सगळं घड्या करून वळईत एका भिंतीशी रचलं आणि ते तिथेच राहिलं, कारण छपराची दुरुस्ती लांबली आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

हे सगळं तपशिलात लिहिते आहे, कारण पुढच्या दोन वर्षांत त्या ढिगाचं जे झालं त्यातून मला एक गोष्ट कळली, आणि ती घर आवरण्याबद्दल मी आधी जे धरून चालले होते त्याच्या उलट होती. हातात एखादी कला आली की जुन्या वस्तू मार्गी लागतात, असं मला वाटायचं. तसं होत नाही. कला शिकलेल्या माणसाला पसारा ठेवण्यासाठी आणखी एक कारण मिळतं. ढीग कमी झाला तो गोधडी शिवल्यामुळे नव्हे. एक गोधडी शिवायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजलं, त्यानंतर.

माझी चूक

आधी माझ्याकडून काय झालं ते सांगते. त्या जुलैत काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती तीन दिवस कुडाळला आमच्याकडे होती. मधल्या एका दिवशी मी तिच्या घरी जाऊन वळईतली दोन पोती बाहेर काढली. त्यात चांगलं काही नव्हतं. झंपरचे तुकडे, तुटक्या नाड्या, उंदराने कुरतडलेली दोन धोतरं, इलास्टिक गेलेले परकर. काकी परत येईल तेव्हा वळई मोकळी दिसेल आणि तिला बरं वाटेल, एवढंच माझ्या मनात होतं.

ती घरात आली, भिंतीकडे बघितलं आणि काही बोलली नाही. रात्री जेवण झाल्यावर एकच वाक्य म्हणाली, "इचारलंस कित्याक नाय?"

पोत्यात काय होतं हे तिने विचारलंही नाही. चिंध्या गेल्याचं दुःख तिला नव्हतंच. तिच्या घरातलं तिला न विचारता उचललं गेलं, हे तिला लागलं होतं. पुढचे दोन महिने मी शनिवारी गेले की ती ओटीवरच गप्पा मारायची आणि वळईचं दार ओढून घ्यायची. बोचक्यांवर तिने जुनी सतरंजी टाकून ठेवली. मी दोन पोती कमी केली होती आणि उरलेल्या सगळ्या ढिगाला हात लावायचा माझा हक्क घालवून बसले होते. वडीलधाऱ्यांचं घर आवरायला निघालेल्या कुणालाही मी हे पहिलं सांगेन. त्यांच्या पाठीमागे एक नाडीसुद्धा फेकू नका.

गोधडी कुठून आली

त्या वर्षी १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. वाडीतली ऐंशी पार केलेली एक आजी आरतीला आली, सतरंजी वर करून लुगडी चाचपून बघितली आणि म्हणाली, हे एवढं मऊ सूत पडून आहे, गोधडी का घालत नाहीस? काकीने आयुष्यात गोधडी शिवलेली नव्हती. तिची तीस वर्षं काजूच्या कारखान्यात गेली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. इतकी वर्षं बिया फोडून तिच्या बोटांची टोकं जाड आणि बधिर झाली आहेत. सुई पकडायला ही बोटं चालतील का, अशी तिलाच शंका होती.

मी मध्ये एक सुचवून बघितलं होतं. सावंतवाडी आमच्याकडून जवळ. तिथे चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाखकाम चालतं, राजवाड्यात आजही गंजिफाचे पत्ते रंगवतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, असा एकशेवीस गोल पानांचा दशावतारी संच. काकी लहानपणापासून दशावतारी नाटकं बघत आलेली, चित्रांची तिला आवड आहे. रंगकाम शिकशील का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, त्याला रंग आणा, कुंचले आणा, पुठ्ठे आणा, आणि ठेवू कुठे? तिचं ते म्हणणं मला आज जास्त पटतं. ज्या घरात आधीच दाटी आहे तिथे नवी कला निवडताना तिचा कच्चा माल घरात आहे की बाहेरून आणायचा, हे सगळ्यात आधी बघावं.

आजीने चार दुपारी येऊन शिकवलं. गोधडीचं तंत्र ऐकायला सोपं आहे. जुनं सुती कापड स्वच्छ धुऊन, कडक वाळवून एकावर एक पसरायचं. धुणं आधीच, कारण रंग सुटणारं लुगडं आत गेलं तर पहिल्याच धुण्यात बाकीच्यांवर डाग पाडतं. मग लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे, आणि काठापासून आत आत येत धावदोरा घालायचा. सुईवर चार-पाच टाके एकदम घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. दोऱ्याला मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवला की गाठी कमी पडतात. साडीचे काठ आधीच उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी कडेला लावायला येतात.

काकीच्या बधिर बोटांना अंगुस्तान घालूनही पहिले आठ दिवस सुई टोचली ते कळायचं नाही. कापडावर लाल ठिपका दिसला की ती बोट बघायची. जमिनीवर बसून गुडघे धरायचे, म्हणून आम्ही गोधडी शिसवी पलंगावर पसरली आणि ती त्याच्याशी स्टूल लावून बसू लागली. हा बदल आजीला अजिबात पसंत नव्हता. गोधडीवर बसून शिवली तरच थर ताणलेले राहतात, असं तिचं मत. ते खरंही आहे. पलंगावरच्या पहिल्या गोधडीला मध्ये फुगवटा आलाच. पण गुडघे राहिले, म्हणून काम चालू राहिलं.

हिशोबही सांगते. गोधडी सहा फूट बाय पावणेचार फूट. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन थर होतात. नऊवारी सत्तावीस फूट, तिचे साडेचार. काकीला वाटलं जितके थर जास्त तितकी गोधडी दमदार, म्हणून तिने तीन सहावारींचे नऊ थर घेतले. दोन सुया मोडल्या. ऑक्टोबरमध्ये सुरू केलेली गोधडी जानेवारीत पुरी झाली. शेवटची ओळ घालून तिने दोरा दातांनी तोडला, गोधडी झटकली आणि मला म्हणाली, "बघ." त्या दिवशी वळईचं दार उघडं होतं. माझ्या चुकीचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

ढीग वाढला

इथपर्यंत सगळं छान दिसतं, आणि गोष्ट इथे थांबवली असती तर ती खोटी ठरली असती.

काकी गोधड्या घालते ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. जी येईल ती हातात पिशवी घेऊन येऊ लागली. सासूची लुगडी, आईच्या साड्या, मुलीच्या लग्नात आलेले आहेर. फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही असं जे जे कुणाच्या कपाटात होतं, ते काकीच्या वळईत येऊन पडलं. काकीला नाही म्हणता येईना. कुणी प्रेमाने आणून दिलेलं परत कसं करायचं? शिवाय आता तिच्याकडे पक्कं उत्तर होतं: "टाकू नको गो, गोधडयेक येतला." आधी ती "कामाक येतला" म्हणायची तेव्हा निदान वाद घालता यायचा. आता काम समोर होतं, सुई-दोरा होता, एक गोधडी पलंगावर होती. मी काय बोलणार?

मे २०२२मध्ये आगोटीची तयारी सुरू झाली. तांदूळ, मीठ, सुके मासे, कोकमं, लाकडं, सगळं पावसाआधी घरात यायला हवं आणि वळईत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून पुन्हा मोजलं, या वेळी काकीनेच. वर्षापूर्वीच्या चौऱ्याण्णवांची संख्या एकशे एकाहत्तर झाली होती. एक गोधडी शिवून.

त्या शनिवारी दुसऱ्या गोधडीची तयारी पलंगावर होती, तीही नऊ थरांची. मी सहज घड्याळ लावलं. सहा फुटांची एक ओळ घालायला पंचवीस मिनिटं लागली. दोरा ओवणं, मान मोकळी करणं, पाणी पिणं धरून अर्धा तास. दोन ओळींत पाऊण इंच अंतर, म्हणजे पावणेचार फुटांत साठ ओळी. एका गोधडीला तीस तास. काकी दुपारी एक तास शिवते. आणि घरातली एकशे एकाहत्तर वस्त्रं तीन-तीनच्या हिशोबाने सत्तावन गोधड्यांची होती. मी हे पंचांगाच्या मागच्या पानावर मांडलं: सतराशे दहा तास. एकही दिवस खाडा न करता पावणेपाच वर्षं, आणि तेही आजपासून घरात एक चिंधी आली नाही तर.

काकीने आकडे दोनदा वाचले. वर्षांचं तिला फारसं वाटलं नाही. ती अडली दुसऱ्याच ठिकाणी. "सत्तावन? आनी निजतलो कोण?"

मग तिनेच बोटांवर मोजलं. गणपतीला घरात जास्तीत जास्त चौदा माणसं झोपतात. त्यांच्यापुरत्या चादरी आणि ब्लँकेटं आधीच होती, उलट अकरा जास्त. घराच्या गरजेपोटी एकही गोधडी लागत नव्हती. लागत होत्या त्या द्यायला: नातवंडांना, भाचीच्या बाळाला, आजीला. वर्षाला चार, फार तर पाच.

सुई जाते का

पुढचे तीन दिवस निवडण्यात गेले, आणि या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. आठवण म्हणून काय ठेवायचं, असं आम्ही एकदाही विचारलं नाही. तो प्रश्न घेतला असता तर एकशे एकाहत्तरही ठेवावी लागली असती. काकीने सुईलाच विचारायचं ठरवलं. प्रत्येक वस्त्राची चार पदरी घडी करायची आणि सुई घालून बघायची. "सुई जाता काय बघ पयल्यांदा," हे तिचं त्या तीन दिवसांचं पालुपद होतं. सुती कापडात सुई शिरते आणि टाका बसतो. नायलॉन, टेरिलीन, जॉर्जेटमध्ये ती घसरते, थर एकमेकांवरून सरकतात, आणि अशी गोधडी घामही टिपत नाही. जिथे शंका आली तिथे पदराचा एक धागा काढून निरांजनावर धरला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो. पन्नासेक धाग्यांचे ते काळे मणी काकीने एका बशीत जमवले होते आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायची.

निकाल असा लागला: शुद्ध सुती अठ्ठावन्न, रेशमी आणि जरीची नऊ, बाकीची एकशे चार कृत्रिम किंवा मिश्र धाग्याची. सत्तरच्या दशकानंतरचे आहेर जवळजवळ सगळे यातच. म्हणजे ज्या ढिगाला आम्ही वर्षभर गोधडीचा माल म्हणत होतो, त्यातला निम्म्याहून जास्त गोधडीला चालणाराच नव्हता.

एकशे चारांपैकी सदतीस ज्यांची त्यांना परत गेली. काकीने स्वतः घरोघर जाऊन दिली, बरोबर काळा मणी दाखवून, त्यामुळे कुणाला राग आला नाही. पंचेचाळीस आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या भाजीच्या वाफ्यांना कुंपण म्हणून गेली. डुकरं रात्री हलणाऱ्या कापडाला बिचकतात, निदान सुरुवातीला. एका पावसानंतर त्या साड्यांचे धागे सुटून मातीत मिसळायला लागले, ते मला खटकलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही ते केलं नाही. बावीस बोहारणीला दिल्या. यात एक धोका आहे. साड्या जातात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे टोप घरात येतात. आम्ही एक मोठा टोप घेतला आणि तो वाडीच्या देवळाला दिला.

सुती अठ्ठावन्नांपैकी सतरा इतकी विरली होती की अंगठा दाबला तर फाटत. त्यांची फडकी केली, काही आमसुलं वाळवताना खाली पसरायला घेतली. उरलेल्या एक्केचाळिसांसाठी काकीने घरातली एक पत्र्याची ट्रंक रिकामी केली. नीट घड्या घालून झाकण दाबून लावलं तेव्हा सव्वीस मावली. पंधरा बाहेर उरली. ती तिने त्याच संध्याकाळी आजीच्या घरी पोचवली, आजीच्या सुना गोधड्या घालतात म्हणून. ट्रंकेचं झाकण लागलं पाहिजे, हा नियम त्या दिवशी काकीने केला. मी केला असता तर तो टिकला नसता.

ट्रंक ठेवली कशी, तेही लिहिते, कारण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कपडा वापराने कमी, ठेवणीने जास्त खराब होतो. खाली चार चिरे, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे वाळवी जमिनीतून वर चढली तर दिसते. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे. खळ घातलेली साडी तशीच ठेवायची नाही. कसर खळीवर जगते, म्हणून ती धुऊन काढायची. जरीच्या नऊ साड्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या. त्यांच्यात डांबरगोळी टाकत नाही, तिने जरीचा धागा काळा पडतो. दर दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की सगळं बाहेर काढून घड्या बदलायच्या, नाहीतर रेशीम घडीवरच तुटतं.

पहिल्या नऊ थरांच्या गोधडीचं काय झालं ते राहिलं. जुलैत ती एकदा धुतली. पाच दिवस ओटीवर, मग चुलीच्या वर, तरी आतून सुकली नाही आणि तिला कुबट वास धरला. "गोधडी पावसात सुकाक होयी ना?" असं म्हणून काकीने पलंगावरची दुसरी उसवली आणि पाच थरांची केली. पाच थरांत एक ओळ पंधरा मिनिटांत होते, दोऱ्यावर ताण कमी पडतो आणि श्रावणातल्या उघडिपीत गोधडी दोन दिवसांत वाळते. घाटावर थंडीसाठी जाड वाकळ लागते. आमच्याकडे पावसाळी गारव्यापुरती ऊब आणि लवकर वाळणं, दोन्ही हवं. ही गोष्ट आजीलाही ठाऊक होती, पण ती म्हणाली, एक जाड घातल्याशिवाय पटत नाही.

तेव्हापासून आतापर्यंत सात गोधड्या झाल्या. कुणी पिशवी घेऊन आलं तर काकी चहा देते, पिशवीतली वस्त्रं मांडीवर घेते, सुई घालून बघते आणि ट्रंकेत जागा असेल तेवढीच ठेवून घेते. मागच्या महिन्यात सहापैकी एक ठेवली.

माळ्याचा पुढचा भाग मात्र अजून तसाच आहे. तिथे काकांच्या हिशोबाच्या वह्या आहेत, आणि रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, त्यांचा वाटा होता तेव्हाचा जाळ्याचा एक मोठा तुकडा, शिशाच्या गोळ्यांसकट. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा काकीने जाळ्याचा एक फास बोटाभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "हेच्यात सुई चलाची नाय गो." यंदाच्या आगोटीला आम्ही दोघींनी ते खळ्यात उतरवलं, झटकलं, दिवसभर उन्हात ठेवलं, आणि संध्याकाळी परत वर चढवलं.